जपान सरांची जपानी

भंडाऱ्यात मला 'जपान सर' म्हणतात. बसस्टँडवर कुठल्याही ऑटोवाल्याला 'जपान सरांकडे' एवढं सांगितलं, की तो आमच्या दारात आणून सोडतो. मी जपानला कधी गेलेलो नाही. विमानात बसलो तो एकदाच, नागपूर ते दिल्ली, आणि तेही एका विद्यार्थिनीच्या मुलाखतीला सोबत म्हणून.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर मोठ्या आपुलकीनं सांगितलं, "सर, तुमच्याकडं शिकून जी पोरं सरकारी स्कॉलरशिपवर जपानले गेली, त्यायच्या यशोगाथा लिहा. वाचून पोरायले हुरूप येईल." मी हो म्हटलं. लिहायला बसलो की सुरुवात छान व्हायची, आणि दुसऱ्या पानावर एकच मुलगी समोर येऊन उभी राहायची. तिच्याबद्दल खरं लिहायचं तर ती यशोगाथा होत नाही, आणि तिला वगळून लिहायचं तर माझा मलाच वीट येतो. शेवटी ठरवलं, तिचंच लिहू. तिला विचारूनच लिहितो आहे.

पेशानं मी शाळामास्तर. सारी नोकरी पोरांना विज्ञान आणि गणित शिकवण्यात गेली. जपानी हा संध्याकाळचा उद्योग. तो माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीचं मूळ तिथं आहे.

पदवी घेऊन मी घरी बसलो होतो तेव्हा पवनीजवळच्या आमच्या गावातल्या विहारात एक वयस्क जपानी भंते वर्षावासाला येऊन राहिले. पवनीचे जुने स्तूप पाहायला आले होते, पाऊस लागला म्हणून थांबले, आणि पुढे दरवर्षी पावसाळा आमच्याकडेच काढू लागले. हिंदी त्यांना थोडीफार यायची, मराठी मुळीच नाही. गावानं मला त्यांच्या दिमतीला दिलं, कारण गावात सगळ्यांत रिकामा मीच होतो. मी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून फिरवायचो. ते मूळचे शेतकऱ्याच्या घरचे, शिकोकू नावाच्या बेटावरच्या एका डोंगरी खेड्यातले. धानाची बांधी, म्हणजे खाचर, दिसली की ते सायकल थांबवायला लावत, आणि बांधाला काय म्हणतात, चिखलाला काय, बेडकाला काय, रोवणी करणाऱ्या बाईला काय, ते त्यांच्या भाषेत सांगत. मी ते शब्द घोकत घरी यायचो.

पुढे व्याकरणाची पुस्तकं मिळवली, लिपी शिकलो, लेखी परीक्षा दिल्या. एका उन्हाळ्यात पुण्याला जाऊन जपानीचा छोटा वर्गही लावला. पहिल्याच दिवशी बाईंनी काही विचारलं आणि मी म्हणालो, "मॅडम, मले समजलं नाई." अख्खा वर्ग हसला. ते वाईट मनानं हसले असतील असं आता वाटत नाही. 'मले' हा शब्द त्यांनी फक्त नाटकातल्या गावठी माणसाच्या तोंडी ऐकला असेल. पण मी दुसऱ्या दिवशी सामान आवरून परत निघालो. त्या वर्गात महिनाभर टिकलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. त्याऐवजी मी गाडीत बसून एक सिद्धांत तयार केला. पुस्तकातली भाषा म्हणजे शहरी लोकांची ऐट. खरी भाषा माणसाच्या तोंडात असते, आणि खरी जपानी मला भंतेजींनी दिलेली आहे.

हा सिद्धांत मी पुढे वर्षानुवर्षं मुलांना शिकवला.

आता या शिष्यवृत्तीचं थोडं समजावून सांगतो, कारण लोकांच्या डोक्यात तिचा फार गोंधळ असतो. जपानचं सरकार परदेशी पदवीधरांना आपल्या विद्यापीठांत संशोधनासाठी बोलावतं. जाण्यायेण्याचं भाडं, विद्यापीठाची फी, राहण्याखाण्याचा खर्च, सगळं तेच सरकार बघतं. आधी अर्ज आणि संशोधनाचा आराखडा, मग लेखी परीक्षा, मग मुलाखत. मुलाखत बहुतेक इंग्रजीतच होते. शिवाय तिकडच्या एखाद्या प्राध्यापकानं 'याला मी माझ्या हाताखाली घेतो' असं कळवावं लागतं. लोकांना वाटतं, इथं गड जिंकला. पण तिकडे गेल्यावर विद्यार्थी आधी नुसता 'संशोधक विद्यार्थी' असतो, म्हणजे ओसरीवरचा पाहुणा. त्या विभागाची प्रवेश परीक्षा पास झाला तरच तो एम.एस्सी.ला नाहीतर पीएच.डी.ला दाखल होतो. इंग्रजीत शिकवणारे विभाग आता झालेत, पण पुष्कळ ठिकाणी कारभार अजून जपानीतच चालतो. व्याख्यान जपानीत, चर्चा जपानीत, प्रवेशाची तोंडी परीक्षाही जपानीत. ठरलेल्या मुदतीत आत घेतलं नाही तर शिष्यवृत्ती संपते आणि पाहुण्याला घरी यावं लागतं.

माझ्याकडे येणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची. तुमसरकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "सर, याले जपानी शिकवत नका बसू, त्याच्यात टाइम जाते. डायरेक्ट स्कॉलरशिप लावून द्या." एका तरुण प्राध्यापकानं संशोधनाचा विषय आणला होता, 'जपानची प्रगती'. मी विचारलं, "प्रगतीतला कोणता भाग?" तो म्हणाला, "पूर्ण." लाखनीची एक बाई मुलीला सोडायला म्हणून यायची आणि ती सुटेपर्यंत मागच्या बाकावर बसायची. मुलगी लिपीतच अडकली, मग तिचं लग्न झालं. आई मात्र अजून येते, आणि तिला साधी गोष्ट वाचता येते. अशा माणसांवर मी पानंच्या पानं लिहू शकतो. संपादकांना तेच हवं असणार.

सुकेशनी आली तेव्हा खेड्यात स्मार्टफोन हाताहातात आलेले नव्हते. आमच्याच पंचक्रोशीतली मुलगी. वडील एसटीत कंडक्टर, आई रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत जाणारी. सुकेशनीनं वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. आमच्या जिल्ह्यातले जुने मालगुजारी तलाव, ज्यांना सरकारी कागदांत 'मामा तलाव' म्हणतात, त्यांतल्या पाणवनस्पती हा तिचा ध्यास. कोणत्या तलावातलं कमळ संपलं, कुठं बेशरमची झुडपं माजली, कुठं शिंगाडा अजून तग धरून आहे, हे ती सायकलवर फिरून पाहायची. शेतीसाठी बांधलेले असे तलाव जपानातही खूप आहेत, हे तिनं कॉलेजच्या ग्रंथालयात एका जुन्या मासिकात वाचलं आणि थेट तो लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकांना इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यांचं उत्तरही आलं. विभाग जपानीतून चालतो, भाषा शिकून या, असं त्यांनी कळवलं. म्हणून ती माझ्याकडे आली.

तिचा कान फार तल्लख होता. पण सुरुवातीला ती पुस्तकाप्रमाणे बोलायची. जपानीत 'मी' म्हणायला पुष्कळ शब्द आहेत. पुस्तकातला 'वाताशी'. भंतेजी स्वतःला 'वाशी' म्हणायचे.

"सुकेशनी, 'वाताशी' पुस्तकात राहू दे," मी एक दिवस म्हणालो. "बोलताना 'वाशी' म्हण. माणसं तसंच बोलतात."

"पण सर, पुस्तकात तं बायायसाठी..."

"पुस्तक कोणी लिहिलं? टोकियोवाल्यायनं. तू टोकियोवाल्यायची नक्कल करायले चालली का?"

ती गप्प बसली. माझ्यापुढे सगळेच गप्प बसायचे. भंडाऱ्यात दुसरा जपानी येणारा माणूस होता कोण?

काही महिन्यांत तिनं भंतेजींची बोली जशीच्या तशी उचलली. वाक्याच्या शेवटचा 'जा', आभार मानताना 'दानदान', तो खेड्यातला हेल, सगळं. ती बोलायला लागली की मी डोळे मिटायचो, आणि सायकलच्या मागून आवाज येतो आहे असं वाटायचं. शिक्षकाला याहून जास्त सुख नसतं, असं मी घरी बायकोला सांगितल्याचं आठवतं.

दिल्लीला मी तिच्याबरोबर गेलो. मुलाखत इंग्रजीत झाली, विषयावर झाली, आणि तलावांवर ती कुणालाही ऐकत राहावंसं वाटेल असं बोलायची. तिची निवड झाली. कळलं त्या दिवशी तिच्या वडिलांनी ड्यूटीवर असताना गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाला तिकिटाबरोबर पेढा दिला. कारध्याला गाडी थांबवून ड्रायव्हरलाही भरवला. निघायच्या दिवशी सारं गाव विहारापुढे जमलं होतं. आई तिच्या गालावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती, काही बोलत नव्हती. मी मात्र बोललो. "तिथं लाजू नको. मी शिकवलं तसं बोल, बस."

पहिल्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा आवाज उत्साहाचा होता. त्यानंतर फोन छोटे होत गेले. "कसं चालू हाय?" विचारलं की, "बरं हाय सर." "प्रोफेसर चांगले हायेत ना?" "हो, लय चांगले हायेत." मग फोन ठेवायची. मला वाटलं, कामात असेल. तिचे वडील एकदा बसस्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, "सर, पोरगी काही सांगत नाई. घरी फोन करते अन् नुसती आमचंच ऐकत राह्यते. मायले म्हणते, तू बोल, मले फक्त आयकायचं हाय." मी त्यांना म्हटलं, पहिलं वर्ष सगळ्यांनाच जड जातं.

मग कळलं की प्रवेश परीक्षेत ती नापास झाली. मी लगेच फोन लावला.

"काहून राहिली? लेखी तं तुले जमते."

"लेखी झाली सर. तोंडी राहिली."

"तोंडी? तुझ्यावानी बोलणारी पोरगी तोंडीत राहिली?"

 ती म्हणाली, "मी बोललीच नाई सर. त्यायनं विचारलं, मले सारं समजलं, पण आवाजच निघाला नाई."

"अशी कशी भित्री झाली तू? पुढच्या वेळी छाती काढून बोल. मी शिकवलं तसं बोल."

"हो सर," ती म्हणाली.

त्या 'हो सर'मध्ये काय होतं ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. आता रोज येतं.

तिच्या मुदतीत आणखी एकदा परीक्षा देता येत होती. तिनं दिली आणि पास झाली. तलावांवर एम.एस्सी. पुरी केली, तिथंच पीएच.डी.ला दाखल झाली, आणि मध्ये सुट्टी मिळाली तशी घरी आली. भंडाऱ्यात आम्ही तिचा सत्कार ठेवला. हॉल भरला होता. मंचावर तिच्या शेजारी मला बसवलं होतं, शाल तिलाही आणि मलाही. सूत्रसंचालक म्हणाला, "मॅडम, थोडं जपानीत बोला ना, आमाले बी आयकू द्या." मी स्वतः उठून माईक तिच्या हातात दिला आणि समोर उभा राहिलो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हॉलकडे पाहिलं. आणि बोलली, "वाशी वा इंदो कारा किता मोन जा..." मी इंडियातून आलेला माणूस आहे. पुढे आणखी चार-पाच वाक्यं, आणि शेवटी 'दानदान'. तोच हेल. शब्द न् शब्द मला कळला. माझे डोळे भरून आले. मी माईक घेऊन सभेला सांगितलं, "पाहा, इतकी वर्षं तिकडं राहूनही या पोरीनं माझा एक शब्द टाकला नाही." टाळ्या पडल्या. सुकेशनी खाली मान घालून शालीची घडी सारखी करत होती. मला वाटलं, संकोचली आहे.

त्या भाषणाचं चित्रण कुणीतरी मोबाइलवर केलं होतं. मी ते जपून ठेवलं. नवीन मुलं आली की पहिल्याच आठवड्यात दाखवायचो, भाषा कशी जिवंत बोलावी ते.

पुढच्या एका वर्षी मयूरी आली, नाकाडोंगरीची. वडील खाणीत कामाला, पोरगी भूगर्भशास्त्र शिकलेली, तिला खडकांवर संशोधनाला जायचं होतं. आता सगळ्यांकडे मोबाइल होते आणि ही मुलगी लहानपणापासून त्यावर जपानी कार्टून पाहणारी. मी सुकेशनीचं चित्रण लावलं. 'वाशी' ऐकताच मयूरी फसकन हसली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई सर."

"काही नाई कसं? सांग."

"सर, तुमाले राग नाई येणार ना? ताई अशा काहून बोलून राहिल्या? हे तं म्हातारे आजोबा बोलतात. खेड्यातले. कार्टूनमंधी दाढीवाला बुढा राह्यते ना, काठी घेऊन, तो असाच बोलते."

वर्ग हसला. मी चिडलो. "कार्टून पाहून भाषा शिकते का?" असं काहीतरी म्हणालो. ती खाली पाहत राहिली. मग हळूच तिनं आपल्या मोबाइलवर काहीतरी लावलं आणि माझ्या हातात दिलं. वाकलेला, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा पारावर बसून कुणाला तरी दम देत होता. 'वाशी वा' म्हणत होता. 'जा' म्हणत होता. मी तो आवाज ओळखला.

वर्ग लवकर सोडला. संध्याकाळभर मोबाइलवर जपानी बाया ऐकत बसलो. बातम्या देणाऱ्या, भाजी कशी करायची ते सांगणाऱ्या, बाजारात गप्पा मारणाऱ्या, म्हाताऱ्यासुद्धा. एकीच्याही तोंडी 'वाशी' नव्हतं. शहरातल्या पुरुषांच्याही नव्हतं. आणि त्या गप्पांतलं निम्मं मला कळत नव्हतं. हे मी इतक्या वर्षांत कधी तपासून पाहिलं नव्हतं, कारण तपासायची गरज आहे असं मला वाटलंच नव्हतं.

आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत सांगायचं तर असं समजा, की एखाद्या परदेशी पोरीनं मुंबईच्या विद्यापीठात उभं राहून, मिशीला पीळ दिल्यासारखा आवाज काढून, 'मी तं बावा इलायतीचा बुढा आवो गा' म्हणावं. मी सुकेशनीला तसं करून पाठवलं होतं.

आणि मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली, त्यानं मी खुर्चीतून उठलो. सत्काराच्या दिवशी ती जपानात बरीच वर्षं राहून आली होती. तिला सगळं माहीत होतं.

पुढच्या धानकापणीच्या सुमारास ती घरी आल्याचं कळलं. मी एसटीनं तिच्या गावी गेलो. अंगणात धानाच्या पेंढ्या पडल्या होत्या. तिचे वडील आता निवृत्त झालेत, त्यांनी खाट टाकली. आईनं चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी विषय काढायला तोंड उघडायचो आणि मिटायचो. शेवटी विचारलं, "सुकेशनी, तिकडं तुझ्या बोलण्याले कोणी हसलं होतं का?"

तिनं कप खाली ठेवला. वडील म्हणाले, "कोण हसलं? काहून हसलं?"

"काही नाई बाबा. तुमी अन् आई जरा परसातल्या पेंढ्या पाहून या ना."

ते दोघं गेल्यावर तिनं सांगितलं, अगदी सपाट आवाजात, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं.

"पहिल्या आठवड्यात सारे गोल बसले होते. प्रोफेसर म्हणाले, ओळख करून द्या. मी उभी राह्यली अन् तुमी शिकवलं तसं बोलली. एक मिनिट कोणीच काही बोललं नाई. मंग सारे हसले. मले वाटलं, आनंदानं हसून राहिले. म्हणून मी अजून बोलली."

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"किती तरी दिवस अशीच बोलत होती मी. दुकानात, ऑफिसात, साऱ्यायशी. मंग लॅबमधल्या एका पोरीनं मले बाजूले नेऊन सांगतलं. चांगली होती बिचारी, सांगताना तिचंच तोंड लाल झालं. तोवर माझं नाव 'आजोबा' पडलं होतं. प्रेमानंच म्हणत सर. पण रोज म्हणत."

"मंग तू बदललं काहून नाई लगेच?"

"बदलूनच राह्यली होती ना. पण तोंड उघडलं की पहिले तुमचाच आवाज ये. तो दाबता दाबता माझा बी आवाज बसला. मी बोलणंच सोडलं. कोणी काही विचारलं तं मान हलवाची, नाई तं लिहून द्याची."

"फोनवर मले सांगाचं होतं."

"सांगणार होती. ज्या दिवशी नापास झाली त्या दिवशी. तुमी म्हणाले, मी शिकवलं तसं बोल."

परसात कोंबड्या ओरडत होत्या. तिच्या आईचा त्यांना हाकलायचा आवाज आला. मी विचारलं, "अन् सत्काराच्या दिवशी? मंचावर?"

हे विचारायला नको होतं, असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण तिनं सांगितलं.

"तुमी माईक देला अन् असे समोर उभे राह्यले. मी बरोबर बोलली असती तं तुमाले समजलं नसतं सर. अन् लोकायपुढं तुमी समजल्यासारखी मान हलवली असती. ते मले पाहवलं नसतं."

मी खाटेच्या नवारीवरून बोट फिरवत बसलो. साऱ्या आयुष्यात कुणी माझ्यावर इतकी दया केली नव्हती, आणि त्या दयेच्या जोरावर मी वर्षानुवर्षं मुलांपुढे मिरवलो होतो.

तिला माझी अवस्था दिसली असावी. म्हणाली, "तुमच्या भंतेजीची बोली खोटी नाई बरं. आमी डोंगरातले तलाव पाहायले गेलो, तं तिथले म्हातारे माझ्याशीच बोलत बसत. आमच्या लॅबवाल्यायले त्यायचं अर्धं समजे नाई, मले सारं समजे."

मी त्या वाक्याला धरून वर येऊ पाहत होतो. "म्हणजे उपयोग तं..."

"ते मंगचं सर," ती म्हणाली. "पहिलं वर्ष तं गेलंच ना."

"राग आला होता?"

"हो. लय दिवस होता. आता कमी झाला. पूर्ण गेला म्हणाले मले येत नाई."

मी म्हणालो, "वर्ग बंद करून टाकतो." खरं सांगायचं तर मला वाटत होतं की ती नको म्हणेल, माझे उपकार आठवून देईल, आणि आम्ही दोघं थोडे मोकळे होऊ. ती नको म्हणाली, पण तसं नाही.

"बंद करून कोणाचं भलं होणार हाय? तुमाले व्याकरण येते, लिपी येते, अर्ज अन् आराखडा कसा कराचा ते येते. भंडाऱ्यात दुसरं कोणाले येते? ते शिकवा. बोलणं तुमी नका शिकवू. रविवारी मी तिकडून मोबाइलवर शिकवीन. पण तुमी बी बसाचं."

"बसतो ना. मी बाजूले बसून लक्ष ठेवीन."

"बाजूले नाई सर. पोरायसंगं. बाकावर."

परतीच्या गाडीत मला तिचे वडील बसवून द्यायला आले होते. त्यांनी खिडकीतून विचारलं, "काय झालं होतं सर तिकडं? आमाले तं काही सांगत नाई ते." मी म्हणालो, तिलाच विचारा. चूक माझी होती, एवढंही सांगायची माझी हिंमत झाली नाही. हा लेख छापून आल्यावर ते वाचतील.

पहिल्या रविवारी मयूरीनं मोबाइल आमच्या टीव्हीला जोडला. मुलं आली, दोघातिघांचे आईवडीलही आले, लाखनीची बाई तर नवीन वही घेऊन आली. मी दुसऱ्या बाकावर बसलो. गुडघे बाकाला लागत होते. टीव्हीवर सुकेशनी आली, मागे तिच्या लॅबची खिडकी. तिनं सगळ्यांना सांगितलं, एकेकानं आपलं नाव आणि कशावर संशोधन करायचं आहे ते बोला. मयूरी छान बोलली. माझी पाळी आली. आठवडाभर मी आरशापुढे घोकलं होतं. नाव व्यवस्थित सांगितलं. मग 'संशोधन' हा शब्द आला. जपानीत तो 'केन्क्यू'. अर्जांवर, आराखड्यांवर, किती मुलांच्या कागदांवर मी तो लिहिला होता, काही हिशेब नाही.

"सर, थांबा," सुकेशनी म्हणाली. "तुमी 'केन्क्यु' म्हणाले. शेवट लांब हाय."

"केन्क्यु."

"अजून आखूडच हाय. पुन्हा म्हणा."

मागून कुणाच्या तरी वडिलांचं खोकणं ऐकू आलं. मयूरी बाकावर नखानं रेघा काढत होती. माझे कान तापले होते. टीव्हीवरचा चेहरा हसला नाही आणि दुसरीकडेही वळला नाही.

मी उभा राहिलो. "केन्क्यूऽ," म्हणालो.

"पुन्हा."

मी पुन्हा म्हणालो. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी ती 'बरोबर' असं म्हणाली नाही. "बसा सर," म्हणाली, आणि लाखनीच्या बाईंकडे वळली.